डोळ्यावरचं कुंकू

बाया आरसे पुसायला लागायची तेव्हा सूर्य अजून डोंगराच्या पाठीशीच असायचा. तो वर येऊन आरशांत उतरायच्या आत पुसून व्हायला हवं, असा तिचा स्वतःचाच नेम होता. एकदा तो आरशांत उतरला की त्याच्या तोंडावरून फडकं फिरवल्यासारखं व्हायचं, आणि ते तिच्या मनाला बरं वाटत नसे.

आरसे होते अठ्ठेचाळीस विसा. बायाला विसाच्या पुढं मोजायची सवय नव्हती. वीस झाले की एक खडा बांधावर ठेवायचा, थैलीतले अठ्ठेचाळीस खडे संपले की काम संपलं. एकेक आरसा हाताच्या पंजाएवढा. गुडघ्याच्याही खाली, लोखंडी पट्ट्यांवर ओळीनं बसवलेले, आणि प्रत्येकाच्या पाठीला खेळण्यातल्या गाडीला असते तेवढीशी मोटर. दिवसभर टिक टिक करत ते सूर्याबरोबर मान वळवायचे आणि सगळे मिळून आपापलं ऊन एकाच जागी फेकायचे. खाचराच्या पलीकडच्या टोकाला दोन पुरुष उंच खांबावर एक काळा डबा होता, त्याच्यावर. डब्यात पाणी, पाण्याची वाफ. ती वाफ नळीतून पत्र्याच्या शेडमध्ये यायची आणि तिथल्या कढईत गावच्या दुधाचा खवा आटायचा. तो खवा लोणावळ्याला मिठाईच्या दुकानात जायचा.

बेडशाच्या लेण्यांकडं जाणारी वाट जिथं चढाला लागते, त्याच्या जरा अलीकडं भिमाजीआबांची ही खाचरं. वरच्या दोन खाचरांत इंद्रायणी भात, सगळ्यात खालच्यात आरसे. खव्याचं काम आबांची सून माधवी बघायची. पूर्वी हाच खवा लाकडावर आटायचा, आणि लाकूड आणायची बाया.

ती वरच्या ठाकरवाडीची. दहा वर्षांची असल्यापासून डोक्यावर मोळी. तिच्या टाळूवर रुपयाएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली होती, माधवी तिच्या डोक्याला तेल लावताना म्हणायची, “बायामावशी, तुमच्या डोक्यानं अख्खा डोंगर खाली आणलाय.” बाया हसायची. पण चुलीत लाकूड सारताना तिचा हात नेहमी लांबूनच जायचा. आगीचं तिला भ्याव होतं. पोरवयात वणव्यात त्यांची वाडी जळाली होती. आईनं तिला पाठुंगळी मारलं आणि पळताना सांगितलं, मागं बघू नको. तिनं बघितलं होतं. तिचा बा गुरं सोडायला मागं राहिला तो तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर चुलतीनं आईचं कुंकू पुसलं. पाण्यानं ओला केलेला अंगठा, आणि आईच्या कपाळावर ओढलेली लाल रेघ. आज पन्नाशी उलटली तरी बायाच्या डोळ्यांपुढून तो अंगठा हलत नव्हता.

मागल्या पावसाळ्यात भात लावताना, चिखलात उभ्या उभ्या, तिच्या नवऱ्याच्या, शिदूच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. वाडीत त्याला एकटं टाकून खाली कामाला यायचं कसं? तेव्हा आबांनीच मधल्या खाचराच्या बांधावर जागा दिली. बायानं तिथं कारवीच्या कुडाचं, गवतानं शाकारलेलं खोपट घातलं. खोपटाच्या दारात जांभळीची सावली. त्या सावलीत बाजेवर शिदू दिवसभर पडून राहायचा. खाली आरसे, मग खांबावरचा डबा, आणि डब्याच्या पाठीमागं जरा उंचावर हे खोपट, अशी ती एका रेषेतली मांडणी होती. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आरसे बसवायला आला तो प्रदीप, तळेगावच्या एका छोट्या कारखान्यातला पोरगेलासा इंजिनेर. आबा त्याच्या पाठीमागं काठी टेकत फिरायचे.

“का रं, न्हाव्याचं दुकान टाकतोस का माज्या खाचरात?”

“आबा, मोठा आरसा घेतला असता तर त्याला पेलायला लोखंडाचा सांगाडा लागला असता. आपल्याकडचं वारं माहिती आहे ना? पहिल्याच आषाढात तो पवना नदीत जाऊन पडला असता. हे बारके, जमिनीलगत. वारं वरनं निघून जातं. काच साधी, मोटर साधी. एक फुटला तर एक बदलायचा.”

“आन् ह्यास्नी सूर्व्या कुटं हाय ते कोन सांगतं?”

“डोळा.”

पाण्याच्या नळाजवळ, आरशांच्या अलीकडच्या टोकाला, छातीएवढ्या उंचीच्या नळकांड्यावर काचेची वाटी उपडी घातल्यासारखं काहीतरी होतं. तो डोळा. तो सूर्याकडं बघायचा आणि आरशांना सांगायचा.

पहिल्या दिवशी प्रदीपनं एक काठी डब्यासमोर धरली. जाळ नाही, ठिणगी नाही, काही नाही. जमलेल्या पोरांनी चार मोजले असतील नसतील, काठी पेटली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि बाया मागं सरकत सरकत बांधाला जाऊन टेकली होती.

“मावशी, आरसे जागे असताना डब्याकडे बघायचं नाही, डोळे जातील,” प्रदीपनं सांगितलं. “आणि काही बिघडलं तर शेडमधलं लाल बटण दाबायचं. आरसे थांबतात.”

“आणि ऊन?” माधवीनं विचारलं.

“ऊन असेल तिथेच राहील जरा वेळ. सूर्य पुढे सरकला की आपोआप ढळेल.”

तेव्हापासून बाया दिवसा त्या बाजूला मान वर करून बघत नसे. लाकडाची आग कुठं आहे ते दिसतं, ऐकू येतं, तिच्यावर पाणी मारता येतं. ही आग डोळ्यांनी बघायचीसुद्धा सोय नाही. मग तिनं आपल्या परीनं तिच्याशी समेट केला. एकेका आरशात एकेक सूर्यनारायण उतरतो, आणि आपण त्यांच्यामधून पाय टाकत चालतो, म्हणून ती रोज काम संपलं की डोळ्यासमोर उभी राहायची आणि हात जोडायची. “पाय लागला असंल तर पदरात घे. माज्या मान्साला उठव.” एवढंच मागणं.

खंडेनवमीला आबांनी विळे, कोयते, नांगर धुऊन मांडले. माधवीनं खव्याची कढई पुजली. आरशांना त्या दिवशी सुट्टी. ते जमिनीकडं तोंड करून झोपले होते. बायानं डोळ्याच्या नळकांड्याला झेंडूची माळ घातली आणि काचेच्या वाटीवर, माणसाच्या कपाळावर लावावं तसं, समोरच्या बाजूनं हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावलं. कोरडं कुंकू काचेवर ठरेना म्हणून ते खोबरेल तेलात कालवलं. शिदूनं बाजेवरून डावा हात कपाळाला लावला.

दसरा झाला. एकादशीला आरसे जागे झाले. बायानं सगळे आरसे पुसले, पण डोळा पुसला नाही. पूजेचं कुंकू आपल्या हातानं कुणी पुसतं का? ते आपसूक जाईल तेव्हा जाईल.

त्या दिवशी दुपारी ती शेडमधून कढई घासून आली तर जांभळीच्या खालच्या फांदीची पानं करपलेली. शिदू काहीतरी पुटपुटत होता.

“ऊन… लय ऊन.”

“आश्विनाचं ऊन हाय. तापनारच,” ती म्हणाली आणि तिनं बाज हातभर कुडाकडं सरकवली.

बारशीला दारातली प्लास्टिकची बादली एका अंगानं वितळून ओघळलेली दिसली. बायानं तिच्यावरून हात फिरवला. काठ अजून कोमट होता.  चूल विझलेली. आसपास कुणी नाही. शिदू तिच्याकडं बघत होता, त्याच्या कपाळावर घाम होता.

“ऊन… येतं.”

“व्हय, येतं. मी गोधडी टाकते कुडावर.”

बादली तिनं उलटी करून खोपटामागं ठेवली. हे कुणाला सांगावं? माधवीला सांगितलं तर ती म्हणेल, मावशी, तुम्ही विस्तव नीट बघत नाही, गवताचं खोपट आहे. वाडीत सांगितलं तर म्हणतील, जागा वाईट आहे, उठव त्याला तिथून. आणि नेणार कुठं? तिला स्वतःला वाटलं ते वेगळंच होतं. आपलाच पाय लागला. सूर्यनारायण कोपला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं कुंकवाचं मोठं बोट लावलं, पहिल्याच्या वरती.

तेरशीला खोपटाच्या छपराला टेकू दिलेली मेढ काळी पडली. वरून खाली बोटभर रुंद पट्टा, कोळशासारखा, आणि बाजेच्या डोक्याकडच्या अंगाला. बाया जवळ गेली. तिला वाडीतल्या जळक्या खांबांचा वास आला, चाळीस वर्षांनी. मग तिनं घाईघाईनं शेण कालवलं आणि ती मेढ सारवून टाकली. आबा बांधावरून जाताना थबकले.

“बाये, खांब कवापासनं सारवाया लागलीस?”

“वाळवी लागलीया आबा.”

“मंग राकेल मार. शेनानं काय वाळवी जाती व्हय?” आबा हसत गेले.

  शिदू आज नुसता तिच्या पदराला धरून राहिला, डाव्या हातानं, आणि तिनं सोडवला तरी पुन्हा धरला. तिला वाटलं, त्याला भूक लागली असेल.

चौदशीला सूर्य उगवायच्या आत तिनं डोळ्याला मळवट भरला. देवीच्या कपाळाला भरतात तसा, काचेच्या समोरच्या अंगाला आडवा, जाड, तेलात मळलेला. डोळे मिटून म्हणाली, “माझं काय चुकलं ते माझ्या आंगावर घाल. त्याच्या आंगावर नगं.”

साडेअकराच्या सुमाराला प्रदीपची मोटारसायकल आली. माधवीनंच त्याला बोलावलं होतं.

“रोज साडेबारा वाजले की वाफ पडते हो. कढई अर्ध्यावर आलेली असते आणि खालून थंड. काल खवा चिकट झाला, लोणावळ्यानं परत पाठवला. उद्या कोजागिरी. आज पण तसंच झालं तर मी त्यांना काय तोंड दाखवू?”

प्रदीप शेडच्या दारात बसून मोबाइलवर काहीतरी बघू लागला. बाया कढईपाशी दुधाची बरणी उतरवत होती.

“गंमत आहे,” तो म्हणाला. “मोटरी सगळ्या ठीक. एखादा आरसा चुकला असता तर मोटर म्हटलं असतं. हे सगळे एकदम चुकतायत, एकाच बाजूला, आणि रोज कालच्यापेक्षा जास्त. म्हणजे डोळाच चुकतोय. त्याच्यावर काही आलं की असं होतं. पाखरू घाण करतं, कोळी जाळं करतो. मग ऐन दुपारी, सूर्य समोर आला की, डोळ्याला तो नीट दिसत नाही. त्याला वाटतं सूर्य बाजूला आहे. तो तसं सांगतो आणि सगळे आरसे त्याचं ऐकतात. मावशी, डोळा पुसता ना तुम्ही?”

बायाच्या हातातली बरणी टेकली ती जरा जोरातच.

“व्हय दादा. रोज पुसते.”

ती आयुष्यात फार खोटं बोलली नव्हती. ते कसं तोंडातून गेलं तिलाही कळलं नाही.

“मग डोळाच खराब झालाय. दुसरा आणतो तळेगावहून, दोन तासांत येतो. बंद ठेवायचं का तोवर?”

“बंद? ऐंशी लिटर दूध आलंय!” माधवी म्हणाली.

“मग राहू द्या चालू. थोडी वाफ कमी पडेल, एवढंच.”

“दादा,” बायानं विचारलं, “आरसं चुकलं की त्येंचं ऊन जातं कुटं?”

“जातं डब्याच्या बाजूनं. हवेत,” असं म्हणून त्यानं हात झटकला, मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

हवेत. बायानं शेडच्या दारातून बघितलं. डबा. डब्याच्या पाठीमागं बांध. बांधावर जांभळीच्या सावलीत बाज, आणि बाजेवर एक हात हलवत माशा वारणारा शिदू. पानं, मग बादली, मग मेढ. रोज जरा जरा पुढं. 

ती फडकं घेऊन डोळ्यापाशी गेली. बारा वाजले असतील. एक हात पुढं करायचा आणि पुसायचं. चार बोटांचं काम. फडकं काचेपर्यंत गेलं आणि तिला चुलतीचा अंगठा दिसला.

कुंकू कुणाच्या नावानं लावलं होतं? शिदूच्या. त्यानं उठावं म्हणून. आणि आज सवाष्ण बाईनं आपल्या हातानं, भर दिवसा, सूर्याच्या तोंडावर ते पुसायचं? मग आपण मागतोय तरी काय त्याच्याकडं? तिचा हात तिथंच राहिला. तिनं स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला, कुंकू जागेवर आहे ना. मग मागं फिरली. पुसायचं नाही. त्यालाच हलवायचं.

“माधवीताई, जरा बाज उचलू लागा. शिदूला शेडमधी घिऊ.”

माधवी घामानं निथळत खवा घोटत होती. “आत्ता? अहो मावशी, खवा धरायला लागलाय, सोडलं तर खाली लागंल. अर्धा तास थांबा, मग नेऊ. काय झालंय?”

काय झालंय ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. कुंकू, बादली, शेण आणि मघाचं खोटं. “काय न्हाई,” बाया म्हणाली.

तिनं एकटीनंच बाज ओढून पाहिली. डोंगर डोक्यावर वाहिलेली बाई, पण शिदूचं अंग मुरलेल्या लाकडासारखं जड, आणि बाजेचा एक पाय जांभळीच्या मुळाला अडकलेला. पाय सुटेना. तिनं काखेत हात घालून त्याला उठवायला बघितलं तर त्यानं तिचा खांदा पकडला आणि डब्याकडं बोट केलं.

“ऊन,” तो म्हणाला. “ति…तनं. ऊन… येतं.”

तेव्हा तिला कळलं. तीन दिवस तो हेच सांगत होता. तो इथं पडल्या पडल्या ते येताना बघत होता. रोज. आणि ती गोधडी टाकत होती.

“मी पानी आनते,” ती म्हणाली. “छपार भिजवते. भिजल्यावर काय व्हतंय?” ते त्याला सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. कळशी घेऊन ती नळाकडं पळाली. नळाला धार बारीक. कळशी भरता भरेना. आरशांची टिक टिक तिला कधी एवढी मोठी ऐकू आली नव्हती. अठ्ठेचाळीस विसा आरसे, सगळे एका दमात मान वळवत होते, शिकवल्यासारखे.

शेडमधून माधवीचा आवाज आला, “गेली बघा वाफ! मावशी, गेली वाफ!”

बायानं मान वर केली. डब्यावर ऊन नव्हतं. डबा काळाच्या काळा उभा होता. ऊन त्याच्या मागं खोपटाच्या छपरावर होतं, सुपाएवढं, डोळ्यांत मावत नव्हतं इतकं पांढरं. गवतातून धुराची एक सुतासारखी रेघ सरळ वर जात होती. आणि ते सूप छपरावरून कुडावर उतरत होतं, सावकाश, कुणी हातात धरून खाली आणल्यासारखं. कुडावरून बाजेकडं. शिदूनं डावा हात तोंडावर घेतला होता. तो ओरडत नव्हता. त्याला ओरडता येत नव्हतं.

खोपट चाळीस पावलांवर. बाज हलत नाही हे तिला माहीत होतं. लाल बटणानं ऊन तिथंच थांबतं हेही माहीत होतं. आणि डोळा तिच्या हाताशी होता.

“नारायणा, मला ने,” असं म्हणून तिनं खांद्यावरचं फडकं काचेवर दाबलं आणि पुसलं.

तेलातलं कुंकू. ते निघालं नाही, पसरलं. सगळी काच लाल झाली. आरसे क्षणभर गप्प झाले, आणि मग एकदम सगळे खडखडले, आंधळ्यासारखे. बायानं बघितलं, पांढरं सूप झटकन खाली घसरलं, बाजेच्या पायथ्याशी. गोधडीतून धूर आला.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो माधवीला शेडमध्ये ऐकू गेला. कळशी उचलून तिनं डोळ्यावर पालथी केली, पदरानं घासलं, पुन्हा घासलं, नखांनी खरवडलं. तांबडं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. काच स्वच्छ झाली तशी आरशांची टिक टिक सुरू झाली, पुन्हा एका लयीत, आणि वाऱ्यानं भात लवावं तशी अख्ख्या रानाची मान वळली. ऊन बाजेवरून उठलं, हवेत गेलं, डब्यावर जाऊन बसलं.

ती पोचली तेव्हा गोधडी पेटली होती आणि छप्पर धुमसत होतं. माधवी दुधाची बरणी घेऊनच धावत आली. हाताला तेच लागलं. अर्धं दूध गोधडीवर, अर्धं छपरावर. मागून आबांनी काठीनं पेटलेलं गवत खाली ओढलं आणि तुडवलं. पाच मिनिटांत सगळं विझलं. सगळीकडं उतू गेलेल्या दुधाचा वास.

शिदूच्या लुळ्या पायावर, घोट्याच्या वर, भाकरीएवढा भाजल्याचा डाग होता. कातडी उठली होती. तो पायाकडं बघत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“दुखतंय का?” बायानं विचारलं.

त्यानं मान हलवली. काही कळत नव्हतं त्या पायाला. मग त्यानं तिच्या हातांकडं बघितलं, कोपरापर्यंत लाल, आणि तो घाबरला.

“रगत?”

“न्हाई,” बाया म्हणाली. “कुंकू हाय.” आणि मग ती खाली बसली.

त्याला कामशेतच्या दवाखान्यात नेऊन पाय बांधून आणला. प्रदीप नवा डोळा घेऊन आला तेव्हा बायानं त्याला सगळं सांगितलं. बादली आणून दाखवली, मेढेचं शेण खरवडून दाखवलं. “मी खोटं बोलले दादा.” पोरगा पांढराफटक पडला. डब्याच्या मागं जाऊन तो बांधाकडं बघत उभा राहिला आणि तिथंच बसला.

“हवेत जातं म्हणालो मी. मागे वळून बघितलं पण नाही.”

“दादा, ते ऱ्हाऊ द्या. पुसलेलं परत लावलं तर चालतं का वो?”

 प्रदीपला जेवढं करता येत होतं तेवढं त्यानं केलं. लाल बटण दाबलं की आरसे थांबायच्या ऐवजी जमिनीकडं तोंड करतील, अशी व्यवस्था केली. डब्यामागं पत्र्याची भिंत उभी केली. आबांनी खोपट दुसऱ्या बांधावर हलवलं, आणि ओढ्यातला एक गुळगुळीत दगड आणून डोळ्याच्या नळकांड्याच्या बुडाशी पुरला.

“बाये, काय लावायचं ते हितं लाव. वर हात न्यायचा न्हाई.” एवढंच बोलले. थट्टा केली नाही.

बाया आता सकाळी आधी डोळा पुसते, मग आरसे. दगडाला कुंकू लावते. पण पुसलेलं ते पुसलेलं. त्याचं फळ बारा दिवसांच्या आत शिदूवर येणार या धास्तीनं तिनं बारा दिवस मोजले, आरशांसारखेच, एकेक खडा ठेवून. रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी ती हात लांब करून शिदूच्या छातीवर ठेवायची आणि ती वर यायची वाट बघायची.  कुंकवानं माखलेलं ते फडकं तिनं धुतलं नाही, टाकलंही नाही. देवाच्या पाटाखाली घडी करून ठेवलं आहे.

बारा दिवस गेले. तेराव्या सकाळी शिदूनं चहात साखर कमी आहे म्हणून कप बाजूला सारला, आणि ती हसता हसता रडली. तरी खडे मोजणं सुटलं नाही. बारा झाले की तिनं पुढचे बारा धरले.

पाय हळूहळू भरत आला. नव्या जागी आंब्याची सावली आहे, आरशांकडं पाठ आहे, मध्ये पत्र्याची भिंत आहे. तरी दुपारी सावली सरकते आणि बाजेच्या कडेला उन्हाची पट्टी येते, तेव्हा शिदू आतून हाक मारतो.

“ऊन…”

बाया हातातलं असेल ते टाकून धावते. कढई घासत असली तर तशीच, राखेच्या हातांनी. बाजेपाशी येऊन आधी त्या उन्हात स्वतःचा तळहात धरते आणि पोरांनी चार मोजले होते तसे चार मोजते. मग पुन्हा चार. साधं ऊन असतं. हात कोमट होतो, तेवढंच. मग ती बाज हातभर सावलीत ओढते.